सोमवारी परत करायचा ब्लेझर

कॉलेजचा ब्लेझर आमच्या घरी
जाळ्याच्या खुंटीवर टांगलाय.
खिशावर सोनेरी धाग्याचं जहाज
आणि खाली आमच्या कोणालाच न वाचता येणारं बोधवाक्य.
सोमवारी नागपूरला ड्रायक्लीन करून परत द्यायचा,
नाही तर ऑफिसातल्या लिमसे मॅडम
डिपॉझिटमधून आठशे कापतील.

माय म्हणते, ड्रायक्लीन काहून?
तलावावर धुऊन देतो ना मी.
मी तो दोनदा हुंगून पाहिला.
शिंगूर माशाचा वास त्याला लागलाय
की माझ्याच नाकात तो आधीपासून आहे, कळत नाही.

चौकात फ्लेक्स लागलाय :
आंतरराष्ट्रीय बिझनेस क्वीन स्पर्धा, कोलंबो,
चि. टिकेश मनिराम नान्हे, प्रथम.
आम्ही चौथे आलो. नऊ संघांत चौथे.
सरपंचांना सांगायला गेलो तर म्हणाले,
"छापून झालं ना बाबू आता.
पुढच्या येळेस येजो पहिला."
क्वीनचं मी काढलंच नाही.

"लंकेत गेलता म्हने," पाळीवर बसलेले विचारतात,
"सोन्याच्या इटा कोठं हायेत?"
मी हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या वाटतो.
डोमाजी बुढा पुडी फोडत नाही,
कानाशी नेऊन हलवून बघतो.

काय सांगू तिथलं.
एका टेबलाशी आम्ही तिघं, हुमेरा, निनाद आणि मी,
मधोमध लाल बटण.
पाटीवर माझं आडनाव अर्धं खाल्लेलं,
क्विझमास्तर मला मिस्टर नान म्हणायचा
आणि हुमेरा टेबलाखाली माझा पाय तुडवून हसायची.

शेवटच्या फेरीत तो म्हणाला,
जिथे नफा नुसत्या भांडवलावर नाही,
सभासदाने आणलेल्या मालावर वाटला जातो,
अशा संस्थेला…

त्याचं वाक्य संपायच्या आत मला दिसली
आमच्या मच्छीमार सोसायटीची पत्र्याची खोली.
रजिस्टर. सुतळीने बांधलेला पेन.
बाबांच्या नावापुढे रोहू सतरा किलो, मरळ चार,
आणि दिवाळीच्या आधी त्याचे हातात येणारे पैसे.
बोट बटणावरच होतं.
पण वाटलं, इतकं सोपं कसं असेल?
इतक्या लांब, इतक्या गार हॉलमध्ये
आमची सोसायटी कोण कशाला विचारेल?

ढाक्याच्या मुलीने दाबलं.
को-ऑपरेटिव्ह. टाळ्या.

निनादने नंतर विचारलं, तुला येत नव्हतं?
नव्हतं, म्हणालो.
एवढं एक खोटं समुद्रावरून घेऊन आलो,
कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तरी सापडलं नाही.

बाबांना मात्र काल रात्री सांगितलं,
डोंग्यात, जाळं सोडता सोडता.
ते बराच वेळ गप्प. देवधानात काहीतरी खळबळलं.
मग म्हणाले, "किती मार्काचा होता?"
"दहा."
"दहानं तिसरा आला असता?"
"दुसरा."
त्यांनी एक गुंता सोडवला, दुसरा तसाच ठेवला.
"रजिस्टर तं तूच लिवत होता ना बे,
सातवीपासून."

आज रविवार, तोल आहे.
सचिवांचा चष्मा फुटलाय,
त्यांनी न विचारता पेन माझ्याकडे सरकवला.
सुतळी नवी आहे, निळी, नायलॉनची.
बर्फ वितळून कागदाची कड भिजत्येय.
मी बाह्या सारून बसतो
आणि ओळीने नावं घेत जातो.

अंतकलाबाई टोपलं काट्यावर ठेवते.
दोन किलो दाडक, थोडं वरच.
वाकून माझ्या आकड्याकडे बघते,
तिला आकडे येतात, अक्षर येत नाही.
"बराबर लिव गा," ती म्हणते,
"क्वीन."